कोणते शहर राहावयास बरे?

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, येरळा नदीच्या काठी, वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण वसलेले आहे. आपले शहर श्रेष्ठ की तुमचे, हा वाद मुंबईकर आणि पुणेकर यांचाच खास वतनी वाद आहे, अशी सुशिक्षितांची सामान्यतः समजूत असते. परंतु तो खऱ्या रंगात ऐकावयाचा असेल, तर मार्गशीर्षात पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची यात्रा भरते त्या सुमारास, किंवा चैत्रात गावोगावच्या जत्रा सुरू होतात तेव्हा, या मुलखात यावे. पोटापाण्यासाठी परमुलखी गेलेली मंडळी त्या दिवसांत घरी आलेली असतात. पारावर बसलेला एक जण त्रिशूरचा कैवार घेतो, दुसरा कोइमतूरचा, तिसरा इंदूरचा, तर चौथा परळ-लालबागचा. आणि मौज अशी की, भांडणारे सगळे एकाच तालुक्यातले, पुष्कळदा एकाच भावकीतले असतात! जन्मगावाचा अभिमान कोणालाही असतो. पण ज्या शहराशी रक्ताचे नाते नाही, जेथील भाषाही प्रौढ वयात शिकावी लागली, त्याची बाजू इतक्या हिरिरीने का घेतली जावी?

प्रथम ही माणसे बाहेर का पडली, ते पाहिले पाहिजे. सातारा जिल्हा नकाशावर एक दिसतो. पावसाच्या हिशेबाने ते दोन मुलूख आहेत. पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि तेथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही दूर नसलेल्या खटाव-माणच्या बाजूस तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना थंड होतात व आपले पाणी तेथेच ओतून टाकतात. पलीकडे उतरणारा वारा कोरडा व उबदार झालेला असतो. यालाच पर्जन्यछाया म्हणतात. छाया हा शब्द मोठा सुखद आहे. तिच्याखाली राहणाऱ्यांना मात्र ती सुखाची वाटत नाही. येथील शेतकऱ्याची सारी भिस्त परतीच्या पावसावर व रब्बीच्या ज्वारीवर. तो पाऊस हुकला की वर्ष हुकले. 1876-77 चा दुष्काळ या भागाने सोसला; 1972 च्या दुष्काळात येथील माणसे खडी फोडून व सुकडी खाऊन जगली. नेर, मायणी, म्हसवड येथील तलाव इंग्रजी अमदानीत बांधले गेले खरे. परंतु तलाव भरावयास आधी आकाशातून काही पडावे लागते.

या बाहेर पडणाऱ्यांत एक वर्ग असा आहे की, त्याची हकीकत पुण्या-मुंबईच्या घरांत फारशी ठाऊक नसते. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ आणि सातारा जिल्ह्यातील खटाव, माण या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे सोने-चांदी आटविण्याच्या व शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. या धंद्याला आटणी किंवा गलाई म्हणतात, आणि तो करणाऱ्याला गलाईवाला. केरळ व तमिळनाडूपासून उत्तरेकडील शहरांपर्यंत कोठेही सराफकट्ट्याच्या मागच्या गल्लीत शिरावे. एखाद्या लहानशा खोलीत भट्टीपुढे बसलेला विट्याकडचा किंवा खटावकडचा माणूस बहुधा भेटतोच.

त्याचे काम वरवर सोपे दिसते. जुने दागिने, मोड, सराफाच्या दुकानातील केरकचऱ्यात गेलेले कण, हे सर्व त्याच्याकडे येते. मुशीत टाकणखार घालून तो ते वितळवितो. पण वितळले म्हणजे शुद्ध झाले असे नव्हे. सोन्यात चांदी व तांबे मिसळलेलेच असते. ते काढण्याची युक्ती ऐकणाऱ्यास उलटी वाटेल. सोने शुद्ध करण्यासाठी त्यात आधी आणखी चांदी घालतात! सोने एक भाग व चांदी तीन भाग, असे प्रमाण साधावे लागते. सोने याहून जास्त असेल तर ते चांदीला कवटाळून बसते आणि तेजाबाला आत शिरू देत नाही. मग तो रस पाण्यात ओतून त्याचे दाणे करावयाचे व शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नत्राम्लात, तापवावयाचे. चांदी व तांबे विरघळून जातात आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. ती धुऊन पुन्हा वितळविली की पिवळेधमक सोने हाती येते. विरघळलेली चांदीही वाया जात नाही. त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की ती त्यांच्यावर येऊन बसते. या खटाटोपात तांबूस रंगाचा जो धूर निघतो तो फुप्फुसास अत्यंत घातक असतो, आणि खोलीला उंच धुराडे नसेल तर तो भट्टीपुढे बसणाऱ्याच्याच छातीत जातो. परमुलखातून आलेल्या पैशाबरोबर खोकलाही घरी येतो, ही गोष्ट जत्रेतील वादात सहसा कोणी काढीत नाही.

एकाच मुलखाचे लोक या एकाच धंद्यात इतक्या संख्येने कसे, याचे उत्तर विश्वास या एका शब्दात आहे. सराफ आपले सोने ज्याच्या हाती देतो, तो उद्या दुकान बंद करून निघून गेला तर काय? ज्याचा चुलता याच पेठेत वीस वर्षे बसला आहे, त्याच्याच पुतण्याला दुसरी भट्टी थाटता येते. म्हणून मदतीला पोरगा हवा असला की तो गावाकडूनच आणावयाचा. भाऊबंदांतला, नाही तर पाव्हण्यांतला. चार-पाच वर्षे हाताखाली काम शिकून तो पुढच्या शहरात स्वतःचे दुकान काढतो. अशा रीतीने एकेका गावाची वेल एकेका दिशेने पसरत जाते.

आता या मंडळींचे युक्तिवाद पाहावे. त्रिशूर हे केरळातील सुवर्णालंकारांच्या घडणीचे मोठे केंद्र. तेथील गलाईवाला आपल्या शहराची थोरवी सांगताना सोन्यापासून सुरुवात करीत नाही, पाण्यापासून करतो. घरोघर विहीर, परसात केळी, आणि पाऊस थांबावा म्हणून देवाला सांगण्याची वेळ! कोइमतूरचा माणूस सिरुवाणीच्या पाण्याचे नाव घेतो. त्या पाण्याच्या गोडीची ख्याती सर्व तमिळनाडूत आहे. इंदूरचा माणूस स्वच्छतेच्या सरकारी पाहणीत आपले शहर 2017 पासून सलग सात वर्षे पहिले आले, असे बजावतो. सातव्या खेपेस तो मान सुरतेबरोबर वाटून घ्यावा लागला, हे सांगण्याचे काम प्रतिपक्षाकडे राहते. परळचा माणूस म्हणतो की, तुमची शहरे नऊ वाजता झोपतात. ज्या मुलखात उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झरे खणून वाटीवाटीने घागर भरावी लागली, त्या मुलखाच्या माणसाने शहराची परीक्षा पाण्यावरून करावी, यात नवल नाही. हा निकाल मूळचा बायकांचा. घागर त्यांच्याच डोक्यावर होती. पारावरच्या वादात त्यांना जागा नसते. पण परमुलखी बिऱ्हाड कायम ठेवावयाचे की मोडावयाचे, हे पुष्कळदा घरातल्या नळावर ठरते.

येथे सहज आठवते की, ही जुनीच रीत आहे. राणोजी शिंदे हे याच सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. त्यांचे वंशज ग्वाल्हेरचे झाले आणि तेथेच मराठी घरे, मराठी शाळा व मराठी गाणे यांचे एक ठाणे बनले. तंजावरास तर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठे पोहोचले, आणि त्यांच्यामागून गेलेल्या कुटुंबांच्या घरांत एक निराळ्या वळणाची मराठी अद्याप बोलली जाते. तलवार जाऊन मूस आली, एवढाच फरक.

मुंबईची गोष्ट निराळी आहे व मोठी आहे. गिरणगावात घाटावरचा माणूस गेला तो एकटा. एका गावच्या लोकांनी मिळून भाड्याने घेतलेली गावकीची खोली हे त्याचे घर. दिवसपाळीचे कामावर गेले की रात्रपाळीचे त्याच जागेवर अंथरूण पसरावयाचे. जेवण खाणावळीत, आणि पगाराचा उरलेला पैसा मनिऑर्डरीने गावी. अशा शहराला राहावयास उत्तम कोण म्हणेल? तरीही तो म्हणे, व त्यात ढोंग नव्हते. गावात जात विचारल्यावाचून पाणी मिळत नसे. मुंबईत, निदान गिरणीच्या दारात, आधी हजेरीचा पास विचारीत. हा फरक पूर्ण होता असे नाही. गिरण्यांच्या काही खात्यांतून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना दूर ठेवीत. पण जेथे फरक पडला तेथे तो आयुष्याचा फरक होता.

त्याच मुंबईने आपल्या माणसांस दोनदा बाहेर लोटले. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग दिसू लागला आणि काही महिन्यांत लक्षावधी लोकांनी शहर सोडले. त्या धसक्यातून 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रुंद रस्ते आले, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती आल्या. आज ज्या दादर-माटुंग्याचे नाव मुंबईकर अभिमानाने घेतो, ते असे प्लेगचे देणे आहे. गिरणी कामगाराच्या वाट्यास त्यातले थोडेच आले. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक मिटल्या, आणि गावकीच्या खोल्यांतील पुष्कळ माणसे वळकटी बांधून परत फिरली. त्याच सुमारास घाटावरच्या दुसऱ्या एका वर्गाचे पाय मात्र शहरात घट्ट रोवले गेले. पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटील यांनी पाठीवर ओझी वाहणाऱ्यांची संघटना बांधली होती, आणि 1969 साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. पुढे घाऊक बाजार मशीद बंदराकडून वाशीस गेला, आणि माथाडींची घरे कोपरखैरणे-घणसोलीस झाली. म्हणून या भागात नवी मुंबईचाही एक कडवा पक्ष आढळतो. आणि आपल्या महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे, हे त्याचे पहिले वाक्य असते.

पुण्याविषयी थोडक्यात सांगितले तरी चालेल, कारण पुण्याची बाजू मांडण्यास पुणेकरांस दुसऱ्याची गरज पडत नाही. 1 जून 1930 रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हापासून या दोन शहरांतील भांडण रोज सकाळ-संध्याकाळ रुळांवरून ये-जा करीत आहे. पु. ल. देशपांडे यांनी त्यात नागपूरकरास ओढून त्रयी पूर्ण केली, आणि त्यांच्या त्या कथनानंतर वादात काही नवे सांगणे कठीणच झाले. वडूजच्या माणसाला पुणे जवळचे. मुलांचे शिक्षण, मोठा दवाखाना व कज्जेदलाली यांसाठी तो तेथे जातो. शहर म्हणून पुणे त्याला आवडते. त्याला बोलावयास भीती वाटते ती दुकानदारांशी.

या वादाला अलीकडे आकड्यांची जोड मिळाली आहे. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण व नागरी कामकाज मंत्रालयाने 2018 साली ‘ईझ ऑफ लिव्हिंग’ म्हणजे राहणीच्या सुलभतेचा निर्देशांक प्रसिद्ध केला. 111 शहरे, चार मुख्य आधार, पंधरा विभाग आणि 78 कसोट्या, असा तो थाट होता. पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी. महाराष्ट्रात त्या आठवड्यात किती पेढे वाटले गेले असतील! पुढचा निर्देशांक 2021 च्या मार्चमध्ये बाहेर आला; तेव्हा दहा लाखांवरील वस्तीच्या शहरांत बंगळूर पहिले, पुणे दुसरे, आणि मुंबई दहावी. अडीच वर्षांत मुंबई सात पायऱ्या बिघडली काय? तसे नव्हे. मोजण्याची रीत बदलली होती. दुसऱ्या खेपेस नागरिकांना स्वतःच्या शहराविषयी काय वाटते हे विचारून त्याला शंभरांत तीस गुण दिले होते. मापच बदलले म्हणजे कापड लांब-आखूड दिसणारच. मर्सर नावाच्या जागतिक सल्लागार संस्थेची यादी तर याहून बोधप्रद आहे. 2019 च्या यादीत व्हिएन्ना पहिले होते; हैदराबाद व पुणे बरोबरीने 143 व्या क्रमांकावर, आणि मुंबई 154 व्या. पण ती यादी परदेशी पाठविलेल्या अधिकाऱ्यांस गैरसोयीबद्दल किती जादा वेतन द्यावे, हे ठरविण्याकरिता केलेली असते. गावकीच्या खोलीत झोपणाऱ्याचा त्या हिशेबात समावेश नाही.

सरासरीचा दोषही मोठा आहे. मुंबईला विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा व भातसा असे सात जलाशय पाणी देतात. देशात फार थोड्या शहरांचे असे भाग्य. पण त्याच शहरातील अनधिकृत ठरविलेल्या झोपड्यांस नळ नाकारला जात असे, आणि त्यांनाही पाणी दिले पाहिजे असे डिसेंबर 2014 मध्ये उच्च न्यायालयास सांगावे लागले. तेव्हा मुंबईचे पाणी उत्तम, या वाक्यात कोणाची मुंबई, हे विचारल्यावाचून अर्थ राहत नाही. शहरांचे पाणीही सदा टिकेलच असे नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी पुरवावे लागले. ते पाणी कृष्णेचे होते, आणि मिरज सांगली जिल्ह्यात असली तरी त्याच जिल्ह्याच्या आटपाडीस त्या उन्हाळ्यात पाण्याची चणचण होती, ही गोष्ट विसरता येत नाही. 2019 च्या जूनमध्ये मद्रासचे, म्हणजे आजच्या चेन्नईचे, मोठे जलाशय कोरडे पडले. दुष्काळातून शहराकडे पळालेल्या माणसाचा दुष्काळाने तेथवर पाठलाग केला!

मग 2020 चा मार्च उजाडला. 25 तारखेपासून सारा देश बंद झाला. ज्या शहरांच्या नावाने जत्रेत हाणामारीची वेळ येई, त्या शहरांत सराफकट्टे बंद, भट्ट्या थंड, आणि खोलीचे भाडे मात्र चालू, अशी स्थिती झाली. मिळेल त्या वाहनाने माणसे गावी आली, आणि गावाने त्यांना आधी शाळेच्या इमारतीत चौदा दिवस ठेवले. काही ठिकाणी वेशीवर काटेरी झुडपेही आडवी पडली. शहराने ‘जा’ म्हटले नव्हते, पण ‘राहा’ही म्हटले नव्हते, आणि गावानेही दार उघडण्यास वेळ लावला. राहावयास कोणते शहर बरे, या प्रश्नात आजारी पडावयास, बेकार व्हावयास व म्हातारे व्हावयास कोणते बरे, हेही अंतर्भूत आहे, ही जाणीव त्या वर्षी झाली. पुढील जत्रांत शहरांचे गुणगान पुन्हा सुरू झाले खरे. पण त्यात दवाखान्याचा उल्लेख पूर्वीपेक्षा अधिक येऊ लागला, आणि या बाबतीत केरळचा पक्ष फार बलवान ठरतो.

इकडे मुलूखही बदलतो आहे. गोपाळ गणेश आगरकर ज्या टेंभू गावी 1856 साली जन्मले, त्यांना शिक्षणासाठी तेथून कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला, पुणे अशी वणवण करावी लागली. आज त्याच टेंभूजवळ कृष्णेचे पाणी उचलून ते खानापूर-आटपाडीच्या माळांवर नेले जाते. जिहे-कठापूर योजनेचे पाणी येरळेवरील नेर तलावात येऊ लागले आहे, आणि तेथून ते बोगद्याने माणच्या आंधळी धरणाकडे जाते. या योजनांना दशकानुदशके लागली, विजेचे बिल कोणी भरावयाचे यावर तंटे झाले, आणि पाणी सगळ्यांच्या शेतात सारखे पोहोचले आहे असेही नाही. जेथे पोहोचले तेथे ऊस व द्राक्षे दिसू लागली. ज्या कारणाने माणूस बाहेर पडला, ते कारण एखाद्या शिवारात नाहीसे झाले म्हणजे तो परत येतो काय? काही येतात. बहुतेक येत नाहीत. पण घर मात्र सगळे येथेच बांधतात.

गलाईवाल्यांच्या गावांतून हिंडताना दुमजली, रंगीत, कठडे व नक्षीदार दरवाजे असलेली घरे मोठ्या संख्येने दिसतात. वर्षातील अकरा महिने त्यांच्या वरच्या मजल्यास कुलूप असते. खाली म्हातारी आई-वडील राहतात. त्रिशूरची कीर्ती गाणारा गृहस्थ त्रिशूरला भाड्याच्या जागेत राहतो आणि मिळालेला पैसा वडूजच्या बाजूस विटांत घालतो. सरकारच्या 78 कसोट्यांत यासाठी रकाना नाही. प्रतिपक्ष त्याला नेमके हेच विचारतो, आणि तो हसून विषय बदलतो.

त्याच्या मुलाला मात्र विषय बदलण्याची गरज पडत नाही. तो तेथेच जन्मला. शाळेत मल्याळम शिकला. मराठी बोलतो ती घरातल्यासारखी, तुटक पण गोड. त्याच्या लेखी त्रिशूर हे परके शहर नाही, वडूजकडचे गाव हेच जत्रेपुरते आहे. आजी त्याला ज्वारीची भाकरी व शेंगदाण्याची चटणी वाढते. तो ती आवडीने खातो, आणि आपल्या शहराची बाजू मांडताना पाण्याचा उल्लेखही करीत नाही. तेथे त्याचे मित्र आहेत, एवढेच सांगतो.